यामाहाच्या आरडी ३५० मोटारसायकलमधला रीड व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं (पिस्टनखालच्या पेटीतलं) पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, त्यातलं थोडं उलटं कार्ब्युरेटरकडे (जिथे पेट्रोल आणि हवा मिसळतात तिकडे) पळतं. यामाहाने १९७३ च्या आरडी ३५० मध्ये (३४७ सीसी, दोन सिलिंडर) या वाटेत स्टीलच्या पातळ पट्ट्या बसवल्या; हाच रीड व्हॉल्व्ह. आतून ओढ लागली की उघडतात, दाब आला की मिटतात. उघडझाप करायला कॅम (व्हॉल्व्ह ढकलणारा फिरता उंचवटा) नाही, काही नाही. म्हणून इनटेक (मिश्रण आत यायची वाट) जास्त वेळ उघडा ठेवता आला आणि खालच्या आरपीएमलाही ताकद मिळाली. आपल्याकडच्या राजदूत ३५० मध्येही हीच रचना होती. फक्त ती बनवणाऱ्या एस्कॉर्ट्सने पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक दिला, तोही इतक्या पळणाऱ्या गाडीला! जुनी घेत असाल तर पट्ट्यांची टोकं तुटलेली नाहीत ना, हे उघडून बघा.