मृत्युपत्रात तुम्हाला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) नेमलं असेल तर मोबदला किती घेता येतो आणि कामं कोणती?

आधी मृत्युपत्र वाचा. त्यात मोबदला लिहिलेला असेल तर तो मिळतो. नसेल तर हक्क गृहीत धरू नका. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 चं कलम 309 कमाल मर्यादा घालतं: महाप्रशासकाला (मृतांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा सरकारी अधिकारी) ठरवून दिलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन घेता येत नाही. कामासाठी झालेला वाजवी खर्च मात्र मालमत्तेतून घेता येतो, पावत्या जपा. एक्झिक्युटर म्हणून तुम्हाला काही ठेवलं असेल, तर ते पद स्वीकारल्याशिवाय मिळत नाही (कलम 141).

सगळ्यात जास्त चुका पैसे देण्याच्या क्रमात होतात. आधी अंत्यविधी आणि आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र), मग नोकरांचा शेवटच्या तीन महिन्यांचा पगार, नंतर बाकीची कर्जं, आणि सर्वांत शेवटी वारसांचे वाटे. नातेवाईक घाई करतात म्हणून वाटे आधी देऊन टाकले आणि मागाहून बँकेचं कर्ज निघालं, तर तूट तुमच्या अंगावर येऊ शकते. मृत्यूनंतर एक वर्ष वाटे देण्याची सक्ती नाही (कलम 337), ही मुदत खुशाल वापरा.

प्रोबेट घेतलं असेल तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो. मालमत्तेसाठी वेगळं बँक खातं उघडा. स्वतःच्या खात्यात एक रुपयाही मिसळू नका.

मृत्युपत्रातून ट्रस्ट होणार असेल आणि विश्वस्तही तुम्हीच असाल, तर ती भूमिका वेगळी. भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 50 नुसार दस्तात तरतूद, करार किंवा कोर्टाचा आदेश नसेल तर विश्वस्ताला मेहनताना नाही.