हॅमिल्टनचा स्कोअर उतरला म्हणजे मूड सुधारला असं नाही

हे बघ, डिप्रेशन किती आहे ते मोजायच्या हॅमिल्टन स्केलचा नुसता टोटल बघून औषध लागू पडलं असं लिहू नकोस. 1960 च्या या स्केलमध्ये 17 पैकी 3 प्रश्न एकट्या झोपेचे, प्रत्येकी 2 मार्क, म्हणजे गुंगी आणणारं औषध दिलं की पेशंट नीट झोपतो आणि 6 पर्यंत मार्क तिथेच उतरू शकतात, उदासी मात्र आहे तशीच. म्हणून मूड, अपराधीपणा, कामातला रस हे आयटम वेगळे काढून बघच. रिस्पॉन्स (स्कोअर निम्म्यावर येणं) आणि रिमिशन (लक्षणं जवळपास जाणं) यांची गल्लत नको, 30 वरून 15 वर आलेला माणूस अजून आजारीच असतो गं. आणि पीएचक्यू-9, म्हणजे पेशंटने स्वतः भरायची डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, घेतलीस तर नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, फॉर्म हातात आल्या आल्या वाच, शून्याच्या वर काही दिसलं तर डेटा एन्ट्री राहू दे, त्याच दिवशी डॉक्टरांनी पेशंटशी बोललं पाहिजे.