सत्काराआधी त्यांच्या वह्या वाच

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या चाळीस जणींची जबाबदारी तुझ्यावर आली आणि तू पहिला विचार त्यांच्या सत्काराचा केलास, हे वाचून फार बरं वाटलं. दिवसही चांगला निवडलास. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ साली २९ ऑक्टोबर हा काळजी आणि आधार यांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला, तो याच कामाची दखल घ्यावी म्हणून. प्रमाणपत्रावर काय छापावं असं विचारलंयस. ते सांगेन. पण त्याआधी प्रत्येकीची नोंदवही मागवून घे आणि मागच्या महिन्याची पानं नीट वाच. हे का सांगते, त्यामागे माझी एक चूक आहे.

मी तेव्हा तुझ्याच जागेवर होते. पक्षाघाताने डावी बाजू अधू झालेले एक आजोबा होते आणि त्यांच्याकडे दिवसपाळीला एक मावशी जायच्या. त्यांचं अक्षर मोठं, ओळी तिरक्या. एके दिवशी त्यांनी लिहिलं होतं, ‘आजोबा आज वेगळे वाटतात. शर्टाचं बटण धरून बसले, लावलं नाही. पाणी अर्धा पेला.’ दुसऱ्या दिवशी, ‘दुपारभर झोप. मला दोनदा बहिणीच्या नावाने हाक मारली.’ त्यांनी मला फोनही केला होता. मी वहीतले ताप आणि रक्तदाबाचे आकडे पाहिले, ते ठीक होते. ‘वयोमानाने होतं असं,’ मी म्हणाले आणि सही केली. तिसऱ्या दिवशी आजोबांना रुग्णालयात न्यावं लागलं. लघवीचा संसर्ग अंगभर पसरला होता. ते वाचले, पण आधी मावशींचा एक हात धरून कमोडपर्यंत जायचे, ते चालणं पुन्हा आलं नाही. मावशींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ‘तुम्हाला सांगितलं होतं’ एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या, तरी मला हलकं वाटलं असतं.

पुढे शिकले ते तुला आत्ताच सांगून ठेवते. उतारवयात संसर्ग झाला की ताप येईलच असं नाही. तहानेची जाणीवही कमी होते, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालं तरी माणूस पाणी मागत नाही. अशा वेळी पहिली खूण पुष्कळदा वागण्यात दिसते. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत माणूस गोंधळतो, याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. हे मात्र अचानक येतं आणि त्यामागे बहुतेक वेळा शोधता येण्यासारखं कारण असतं: संसर्ग, नवं औषध, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणं. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प होऊन झोपून राहणारा सुटतो. ‘आज शांत आहेत’ म्हणून घरच्यांना बरंच वाटतं. आजोबांचं तेच झालं.

हा फरक ओळखायला कालचा माणूस माहीत असावा लागतो. डॉक्टर दहा मिनिटं बघतात, मुलगा संध्याकाळी येतो. बटण रोज किती वेळात लागतं, हे फक्त मावशींना ठाऊक असतं.

म्हणून वहीत आकड्यांच्या रकान्याशेजारी ‘आज काय वेगळं दिसलं?’ असा एक मोठा रकाना कर आणि त्यात काही लिहून आलं की त्याच दिवशी फोन कर. डॉक्टरांना कळवताना लिहिणारीचेच शब्द सांग. नंतर काय निघालं, ते तिला परत सांगायला विसरू नकोस. काहीच निघालं नाही, तरीही सांग. ही शेवटची गोष्ट आपण सगळे टाळतो, आणि ‘आपण सांगून काय उपयोग’ ही भावना तिथूनच सुरू होते. एकदा ती मनात बसली की वहीत रोज ‘सर्व ठीक’ येऊ लागतं. असं पान दिसलं की तिच्यावर रागावण्याआधी आपण तिचं किती ऐकलं, ते आठव.

आता तू विचारशील, नुसत्या अंघोळी-कपड्यांच्या कामात एवढं काय कळतं? १९६३ साली अमेरिकी डॉक्टर सिडनी काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या सहा गोष्टींची मोजपट्टी मांडली: अंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि खाणं. ती आजही वापरात आहे. त्यांना दिसलं की या गोष्टी साधारण एका क्रमाने हातातून जातात. अंघोळ बहुधा सगळ्यात आधी, स्वतःच्या हाताने खाणं सगळ्यात शेवटी. म्हणजे मदतीला माणूस येतो तो थेट न्हाणीघरात, जिथे आयुष्यभर दुसरं कुणी आलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात आजी चिडतात, ढकलतात, ‘आज नको’ म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे.

एकदा कुणा जाणत्या मावशींबरोबर जाऊन बघ. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहतात. हात लावण्याआधी सांगतात, ‘आता पाठ धुते हं.’ एका वेळी एकच भाग उघडा, बाकी अंग टॉवेलखाली. तोंड धुवायचा रुमाल आजींच्याच हातात देतात, कारण तेवढं त्यांना जमतं. कपडे घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. हे चालू असताना नजर माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या हाडांवर फिरत असते. तिथे लाली दिसली, बोटाने दाबलं आणि ती फिकी पडली नाही, तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. बोलणं थांबलेलं नसतं, त्यामुळे आपण तपासलो जातोय हे आजींना जाणवतही नाही. अंग सावळं असेल तर लाली सहज दिसत नाही. तेव्हा त्या जागेची ऊब आणि घट्टपणा हाताला कळतो. हे कसब आहे, आणि प्रमाणपत्रावर नुसतं ‘सेवाभावाबद्दल’ असं छापलं की ते झाकून जातं. प्रत्येकीने जे पाहिलं, जे केलं, ते नेमकं लिही. ‘टाचेवरची लाली पहिल्याच दिवशी ओळखली’ अशी एक ओळ पुरे. चाळीस वेगळ्या ओळी लिहाव्या लागतील. वेळ लागू दे.

‘सेवा’ या शब्दाबद्दल थोडं. शब्द सुंदर आहे, मी स्वतः वापरते. पण त्याच्या आडून पगार लांबवला जातो, बदली न आल्याने बाराची पाळी चोवीसची होते, आणि सगळ्या घराची धुणीभांडीही तिच्याच गळ्यात पडतात. ही कामं तिची नाहीत, हे पहिल्याच दिवशी घरच्यांशी तूच बोल. तिच्यावर सोडू नकोस.

पगारी माणसांइतकीच घरची माणसंही तुझ्या डोळ्यांसमोर राहू देत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ साली अंदाज मांडला होता की जगात रोज १,६४० कोटी तास विनामोबदला काळजीच्या आणि घरकामाच्या कामात जातात, आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक बायकांचे. आकडा मोठा आहे म्हणून डोक्यात राहत नाही. एक घर आठव. नव्वदीच्या आजोबांना रात्री चारदा उठवणारी त्यांची बायको स्वतः पंच्याऐंशीची असते. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘आजोबा कसे आहेत?’ तू आजींना विचार, ‘रात्री झोप किती झाली?’ आणि उत्तर तीन तास आलं, तर आठवड्यातून दोन दुपारी तरी कुणी येऊन बसेल अशी सोय कर. त्या ‘मला सवय आहे’ म्हणतील. तरी कर. थकव्याने त्यांचा आवाज चढतो, मग त्या स्वतःलाच अपराधी मानतात. मी अशा बायका स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडताना पाहिल्या आहेत.

आणखी एक, जे मला कुणी शिकवलं नव्हतं. माणूस जातो तेव्हा घरच्यांचं सांत्वन होतं. चार वर्षं रोज त्यांचे केस विंचरणाऱ्या मावशींना त्याच संध्याकाळी नव्या घरचा पत्ता मिळतो. तसं करू नकोस. दोन दिवस पगारी सुट्टी दे, अंत्यदर्शनाला जायचं का विचार, आणि त्या बोलू लागल्या तर मध्ये घाई करू नकोस.

कार्यक्रमाची वेळ सकाळी दहाची ठेवली आहेस, ती बदल. रात्रपाळीच्या तेरा जणी आठला सुटतात. त्या न झोपता येऊन बसतील आणि संध्याकाळी परत कामावर जातील. दुपारी चार बरं. दिवसपाळीच्या जणी कार्यक्रमाला असताना त्यांच्या रुग्णांच्या घरी कोण थांबणार, याची यादी आधी तयार कर. बदलीची माणसं कमी पडली तर मला कळव. दोन घरी मी जाते.

तुझी,
ताई