केसेस शोधायचं काम: त्यात नोकरी आहे का?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी सोलापुरात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार) अशा क्वचित सापडणाऱ्या आजारांच्या केसेस शोधायचं काम करायचंय आणि घरचे म्हणतात, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून लॅब टाक.

नोकरी आहे. जिल्हा सर्वेक्षण कक्षात साथरोगतज्ज्ञ, डेटा मॅनेजर अशी पदं असतात. पण बरीचशी कंत्राटी, आणि साथरोगतज्ज्ञाच्या पदाला डॉक्टरांना झुकतं माप. म्हणून बी.एस्सी.वर थांबू नका. पुढे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करू द्या. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सोशल एपिडेमिऑलॉजीचं, म्हणजे सामाजिक अंगानं साथरोगशास्त्राचं, आहे.

खरं कसब आतापासून शिकता येतं. आधी केसची व्याख्या. लांबलेला ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी आणि जनावरांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध, ही झाली संशयित. त्यात ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशनचं (रक्तातली प्रतिपिंडं गुठळ्यांवरून मोजणारी चाचणी) टायटर, म्हणजे सीरम किती पातळ करेपर्यंत गुठळ्या दिसतात तो आकडा, 1:160 किंवा वर, तर संभाव्य. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघताना, ब्रुसेला हा जिवाणू आला की पक्की. एक खोच आहे: प्रतिपिंडं फार असली की कमी डायल्यूशनला (सीरम कमी पातळ केलेलं असताना) गुठळ्या दिसतच नाहीत. 1:40 निगेटिव्ह बघून लॅब थांबली, तर केस हातची गेली.

मग लाइन लिस्ट, एका रुग्णाला एक ओळ. ताप सुरू झाल्याची तारीख हवी. लोक अ‍ॅडमिट झाल्याची लिहितात. लागणीनंतर ताप यायला कधी कधी महिनेही लागतात, त्यामुळे 'आठवड्यात काय खाल्लं' विचारून काही हाती लागत नाही. 'सहा महिन्यांत शेळी गाभडली का? वार कुणी ओढली?' असं विचारावं लागतं. गाव एकदा मोहोळ, एकदा मोहळ लिहिलं की एकच माणूस दोनदा मोजला जातो. गावाला कोड द्यावा.

निसटलेल्या केसेसचाही अंदाज काढता येतो. समजा दवाखान्याच्या यादीत 40, लॅबच्या यादीत 30, दोन्हीकडे 20. म्हणजे सापडलेले 50, पण 40 गुणिले 30 भागिले 20 केलं की अंदाज येतो 60. मात्र दोन्ही याद्या स्वतंत्र हव्यात. लॅबकडे नमुने त्याच दवाखान्यातून येत असतील, तर आकडा खराहून कमी निघतो.

आणि लॅबच टाकायची ठरली, तर ब्रुसेलाचं कल्चर उघड्या टेबलावर कधीच हाताळू नये. उडालेल्या सूक्ष्म थेंबांतून काम करणाऱ्यालाच लागण होते. नमुन्याच्या चिठ्ठीवर 'ब्रुसेलाची शंका' असं लिहायला डॉक्टरांना सांगून ठेवावं.