१६८९ साली जगात काय घडत होतं?

प्रश्न : छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, त्या १६८९ साली बाकीच्या जगात काय चाललं होतं?

उत्तर : मार्चमधल्या त्या हत्येनंतर नोव्हेंबरात रायगडही पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. त्यामुळे आपली नजर या सालात इथेच अडकते. पण मला फार मोलाचा वाटतो तो याच वर्षीचा नेरचिन्स्कचा तह. अमूर नदीच्या खोऱ्यावरून रशिया आणि चीन लढत होते. चीनच्या बाजूने पेरेरा आणि जर्बियाँ हे जेझुइट पाद्री दुभाषे झाले, बोलणी लॅटिनमध्ये चालली. रशियाने अमूरकाठचा अल्बाझिनचा किल्ला सोडला आणि व्यापाराची वाट मिळवली. चिनी दरबाराने एका युरोपीय सत्तेशी बरोबरीच्या नात्याने केलेला हा पहिला करार!

मॉस्कोत १७ वर्षांच्या झार पीटरने, त्याच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सावत्र बहीण सोफियाला मठात धाडलं. इंग्लंडमध्ये हक्कांचा कायदा झाला. संसदेच्या संमतीशिवाय कर बसवण्याची राजाला बंदी झाली.

आणि मुंबईत? तिथे मुघलांच्या आरमाराचा सरदार, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याने याच इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीला माफीसाठी औरंगजेबाकडे वकील पाठवावे लागले.