देणाऱ्यांच्या घरातली मुलं

प्रिय पोरी,

फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या गटाला तू मार्गदर्शक म्हणून जाणार, हे कळलं आणि फार आनंद झाला. थोडा निधी शाळकरी मुलांच्या हाती सोपवायचा आणि वस्तीतल्या कोणत्या कामाला किती द्यायचे हे त्यांनीच ठरवायचं, हे काम मला मनापासून पटतं. तू विचारलंयस, "मावशी, त्यांना द्यायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करू?" द्यायला त्यांना शिकवावं लागणार नाही. त्यांच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, फक्त त्याला कुणी दानधर्मात धरलं नाही. या मुलांकडे 'मदतीची गरज असलेली मुलं' म्हणून बघू नकोस, एवढंच मला तुला सांगायचंय. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

तुझ्याच शहरापासून सुरू कर. १७८७ मध्ये रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी तिथे 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली. दोघंही गुलामीत जन्मलेले. ॲलन यांनी तर मालकाला पैसे मोजून स्वतःची सुटका करून घेतलेली. सभासदाने महिन्याला एक शिलिंग द्यायचा आणि त्यातून आजारी माणसाला, विधवांना, पोरक्या मुलांना आधार द्यायचा. १७९३ मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसं दगावली. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले. कृष्णवर्णीयांना हा ताप बाधत नाही असं तेव्हाचे नामवंत डॉक्टरही म्हणत होते, आणि ते साफ चूक होतं. त्यांचीही माणसं गेली. तरी सोसायटीचे लोक घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करत राहिले, प्रेतं पुरत राहिले. साथ ओसरली आणि एका प्रकाशकाने छापलं, की यांच्यातल्या काहींनी लोकांना लुबाडलं. जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ मध्ये पुस्तिका काढून उत्तर दिलं आणि त्यात जमाखर्चच मांडला. मिळाले २३३ पौंड. शवपेट्या आणि मजुरी धरून खर्च त्याहून कितीतरी जास्त. पदरचे गेले १७७ पौंड.

तो जमाखर्च मुलांपुढे ठेव. पंधरा वर्षांच्या मुलाला पावत्या सांभाळायचा कंटाळा येणारच. पण संशय आधी कोणावर घेतला जातो, हे त्या मुलांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. जीव धोक्यात घालून काम केलेल्यांनाही पै-पैचा हिशेब द्यावा लागला, हे वाचलं की वही कोणी ठेवायची यावर चढाओढ लागते. मदर बेथेल चर्चच्या तळघरात ॲलन यांची समाधी आहे. तिथेही एकदा घेऊन जा.

आता बैठकीबद्दल. माझ्या अशाच एका गटात एकदा निधीसाठी आलेल्या अर्जांची छाननी चालली होती. एक अर्ज नीटनेटका, छापील, अंदाजपत्रकासकट. दुसरा वहीच्या कागदावर हाताने लिहिलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतलं जेवण बंद झालं की गल्लीतल्या मुलांना रांधून घालणाऱ्या एका आजींचा. मुलांनीच केलेल्या नियमात 'नोंदणीकृत संस्था' अशी अट होती, म्हणून तो बाद होत होता. एरवी एक शब्दही न बोलणारा मुलगा म्हणाला, "मी त्यांच्याकडे जेवलोय." समोरची मुलगी लगेच म्हणाली, "मग यावर तुला मत देता येणार नाही." तो हो म्हणाला, उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आत अर्धा तास वाद झाला. शेवटी मुलांनीच तोड काढली: कोपऱ्यावरच्या चर्चने आजींच्या वतीने पैसे घ्यायचे आणि हिशेब द्यायचा. त्या अर्ध्या तासात आम्ही मोठी माणसं गप्प होतो. ते फार जड जातं. उत्तर आपल्याला दिसत असतं, जीभ वळवळत असते. पण तोंड उघडलं की मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून मत देऊ लागतात.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतल्या एला बेकर यांनी हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. १९६० मध्ये वर्णभेदाविरुद्ध बैठा सत्याग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरी शॉ विद्यापीठात एकत्र आणलं. थोरामोठ्यांच्या संघटनांना या मुलांची युवा शाखा करून हवी होती. बेकरबाईंनी मुलांना स्वतःची स्वतंत्र संघटना काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः मागे राहिल्या. नेतृत्व शिकवणं म्हणजे माझ्या मते हेच. व्यासपीठावरची भाषणं घोटवून घेणं हा त्यातला अगदी किरकोळ भाग.

आणि पैसेवालेच देतात असं मुलांना वाटत असेल, तर जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल सांग. १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार सुरू केला. या स्वयंपाकीणबाईंनी बायका जमवल्या; त्या केक, 'पाय' नावाची पेस्ट्री, सँडविच करून विकत आणि पैसे आंदोलनाला देत. देणाऱ्यांची नोकरी जाऊ नये म्हणून नावं गुप्त. गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. आंदोलन ३८१ दिवस टिकलं, त्यात या चुलींचाही वाटा आहे.

थोडं आपल्याबद्दल. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. या नात्याचा अभिमान जरूर बाळग, पण मुलांनी विचारल्याशिवाय त्यावर बोलू नकोस. त्यापेक्षा आपल्या मंडळींच्या जेवणावळीत कुणी कृष्णवर्णीयांच्या वस्तीबद्दल "त्या भागात गाडी लावू नका" म्हणालं, तर तिथे बोल. तिथे तुझ्या बोलण्याचा उपयोग आहे.

काही बारीकसारीक गोष्टी. मुलांना भत्ता मिळतो का, ते संस्थेला आधी विचार. शनिवारची दुकानातली पाळी बुडवून येणाऱ्या मुलाला 'सेवेचं समाधान' पुरत नाही. बसभाडं आगाऊ द्यायला सांग. जेवण गरम असू दे. देणगीदारांच्या कार्यक्रमात मुलांना आपल्या घरच्या दुःखाच्या कहाण्या सांगायला लावतात, त्याला स्पष्ट नाही म्हण. त्याऐवजी त्यांनी कोणता अर्ज का नाकारला, ते त्यांना सांगू दे. कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहिशील, तेव्हा 'होतकरू' वगैरे विशेषणं घालू नकोस. किती रकमेचा निर्णय घेतला, कोणती अडचण कशी सोडवली, ते लिही. आणि वर्षअखेरीस निधी संपला म्हणून गायब होऊ नकोस. फोन उचलत राहा.

पहिल्या बैठकीला मुलांना एकच विचार: तुमच्या गल्लीत अडीअडचणीला लोक कोणाचं दार ठोठावतात? नावं फळ्यावर त्यांनाच लिहू दे. ती यादी घेऊन पुढच्या आठवड्यात त्या माणसांना भेटायला जा, मुलं पुढे आणि तू मागे. काय झालं ते मला कळव.

तुझी,
मावशी