पॅरामीटर माहीत नसताना दोन केऑटिक सिस्टिम सिंक्रोनाइझ करता येतात का?

हो, येतात. 1990 मध्ये पेकोरा आणि कॅरोल या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की एका केऑटिक सिस्टिमचा (नियमांनी चालणारी, पण सुरुवातीच्या बारीकशा फरकानेही पार वेगळी वागणारी) सिग्नल दुसरीला दिला की ती पहिलीच्या मागोमाग चालू शकते, म्हणजेच सिंक्रोनाइझ होते. पण त्यात दोघींचे पॅरामीटर, म्हणजे समीकरणांतले ठरलेले आकडे, सारखेच धरले होते. ते माहीत नसतील तर अडॅप्टिव्ह कंट्रोल, म्हणजे चालता चालता अंदाज सुधारत नेणारा कंट्रोल, लागतो.

लॉरेन्झ सिस्टिम घ्या: 'एक्स', 'वाय', 'झेड' या तीन राशींची तीन समीकरणं असलेलं केऑसचं प्रसिद्ध उदाहरण. सिग्नल देणारी ती मास्टर, मागोमाग चालणारी ती स्लेव्ह. समजा मास्टरच्या दुसऱ्या समीकरणातला 'रो' 28 आहे, पण तुम्हाला ठाऊक नाही. स्लेव्हमध्ये त्याच्या जागी अंदाज ठेवा, सुरुवातीला शून्य ठेवलात तरी चालेल. स्लेव्हच्या 'वाय'मधून मास्टरचा 'वाय' वजा केला की मिळते ती एरर. स्लेव्हला दिलेला कंट्रोल इनपुट एररच्या समीकरणातली बाकीची पदं काढून टाकतो आणि उणे 'के' गुणिले एरर जोडतो ('के' हा तुम्ही निवडलेला धन आकडा). अंदाज बदलायचा नियम एवढाच: अंदाज बदलण्याचा दर = उणे गॅमा × मास्टरचा 'एक्स' × एरर (गॅमा हाही तुम्ही निवडलेला धन आकडा).

हा नियम अंदाजपंचे ठरवलेला नाही. एररच्या वर्गाचं अर्धं आणि अंदाजातल्या तफावतीच्या वर्गाला दोन गॅमाने भागून येणारं पद मिळून लायापुनोव्ह फंक्शन घ्या (कधीच ऋण न होणारी राशी; ती वाढत नाही हे दाखवलं की सिस्टिम स्थिर आहे हे सिद्ध होतं). त्याच्या डेरिव्हेटिव्हमधलं अज्ञात पद याच नियमामुळे कटतं आणि उरतं फक्त उणे 'के' गुणिले एररचा वर्ग. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर पायरी वाटते; एकदा हाताने करून बघाच.

मात्र एरर शून्यावर गेली म्हणजे अंदाज 28 वर पोहोचलाच, असं नाही. त्यासाठी सिग्नल सतत पुरेसा हलता हवा. केऑटिक सिग्नल सहसा तसा असतो. प्रत्यक्ष सर्किटमधल्या नॉइजने अंदाज वाहवत जात असेल, तर एरर ठरावीक मर्यादेत आल्यावर अडॅप्टेशन थांबवा.